नेमुनासकाठचा सत्याग्रही

लिथुआनियाच्या पश्चिम टोकाला नेमुनास नदी कुरोनियन सरोवराला मिळते. त्याच्या थोडे अलीकडे तिला दोन फाटे फुटतात आणि त्या दोन फाट्यांच्या मध्ये रुस्ने नावाचे बेट आहे. बेटावरच्या गावाची लोकवस्ती दोन हजारांच्याही खाली. जमिनीचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली असल्यामुळे बांध घालून ती राखावी लागते. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले की नदी पात्र सोडते आणि शिलुते या जवळच्या शहराकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो. पुराच्या पाण्यावरून जाणारा उड्डाणपूल २०१९ मध्ये झाला, तोपर्यंत गावाचे दळणवळण दरवर्षी काही काळ विस्कळीत होत असे. दक्षिणेकडचा फाटा ओलांडला की रशियाचा कालिनिनग्राद प्रांत लागतो. मासेमारी, गवती छपरांची जुनी लाकडी घरे, १८०९ सालचे एक ल्युथरपंथीय चर्च अशी या गावाची ओळख सांगितली जाते.

२ ऑक्टोबर २०१५ पासून त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. लिथुआनियाचे तत्कालीन पंतप्रधान आल्गिर्दास बुत्केविचुस यांच्या उपस्थितीत त्या दिवशी नदीकाठी ब्राँझच्या एका शिल्पाचे अनावरण झाले. शिल्पकार रोमुआल्दास क्विंतास. शिल्पात दोन माणसे शेजारी उभी आहेत. त्यांतल्या एकाला ओळखण्यासाठी कोणत्याही भारतीयाला फलक वाचावा लागणार नाही. दुसऱ्याला मात्र बहुतेकांना ओळखता येणार नाही, आणि रुस्नेला हे शिल्प उभे राहिले ते या दुसऱ्या माणसामुळे. त्याचे नाव हर्मन कॅलनबॅक.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच अपरिचित आहे, असे नाही. गांधीजींची आत्मकथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना टॉलस्टॉय फार्मच्या प्रकरणांत हे गृहस्थ भेटलेले असतात. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातही ते आहेत. डॉ. श्रीराम लागूंचे गोखले आणि रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा आपल्या लक्षात राहिल्या. त्याच चित्रपटात गुंटर मारिया हाल्मर या अभिनेत्याने कॅलनबॅक साकारले होते. श्रेयनामावलीत त्यांना डॉक्टर म्हटले आहे, पण कॅलनबॅक डॉक्टर नव्हते, ते वास्तुविशारद होते. ज्या माणसाच्या पदरची जमीन, पैसा, कसब आणि आयुष्याची दहा वर्षे एका लढ्यात गेली, त्याची नोंद अशी ओझरती आणि तीही थोडी चुकीची व्हावी, हे त्यांच्या बाबतीत पुढेही घडत राहिले.

कॅलनबॅक यांचा जन्म १ मार्च १८७१ चा. गांधीजींपेक्षा ते दीड वर्षाने लहान. जन्मगाव झेमाइचू नाउमिएस्तिस. रुस्नेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या या गावाला जर्मन लोक नॉयश्टाट म्हणत. दोन्ही गावे आज लिथुआनियात आहेत, परंतु त्या काळी त्यांच्यामधून दोन साम्राज्यांची सीमा जात होती. नाउमिएस्तिस रशियाच्या झारच्या मुलखात होते, तर रुस्ने प्रशियाच्या म्हणजे जर्मनीच्या. नाउमिएस्तिस हे सीमेवरचे व्यापारी गाव. तिथे कॅथलिक चर्च होते, ल्युथरपंथीयांचे चर्च होते आणि १८१६ सालचे, विटांचे बांधलेले सिनेगॉगही होते. झारच्या राज्यात ज्यूंनी कुठे राहावे, काय करावे यावर कडक निर्बंध होते, तर सीमेपलीकडे जर्मनीत ज्यूंना कायद्याने समान नागरिकत्व नुकतेच मिळाले होते. सीमेवरच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. कॅलनबॅक यांचे वडील आरंभी हिब्रू शिकवीत, पुढे ते लाकडाच्या व्यापारात पडले आणि कुटुंब रुस्नेला राहू लागले. नेमुनासच्या प्रवाहातून ओंडक्यांचे तराफे खाली येत आणि रुस्नेच्या परिसरातील गिरण्यांत कापले जात. लाकडाच्या व्यापाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मिळाली नसती.

सात भावंडांत हर्मन तिसरे. त्यांचे बालपण या पाण्याच्या सान्निध्यात गेले. उन्हाळ्यात नदीत पोहायचे, मासे धरायचे आणि हिवाळ्यात तीच नदी गोठली की तिच्यावर स्केटिंग करायचे. पोहणे, स्केटिंग, सायकल, व्यायाम यांत ते पुढे चांगलेच तरबेज झाले. दणकट शरीराची त्यांना आवड होती आणि ते कष्टाच्या कामाला कधीही मागे हटत नसत. शालेय शिक्षण टिल्झिट या जवळच्या शहरात झाले आणि वास्तुशास्त्राचे शिक्षण जर्मनीत श्टुटगार्ट व म्युनिक येथे.

१८९६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्या आईचे बंधू जोहान्सबर्गला आधीच स्थायिक झाले होते. लिथुआनियातून दक्षिण आफ्रिकेकडे ज्यूंचा ओघ तेव्हा सुरूच होता. आजही दक्षिण आफ्रिकेतील ज्यू समाजातील बहुतेकांची मुळे लिथुआनियात आहेत. एकट्या नाउमिएस्तिसचे उदाहरण घ्यायचे तर ट्रान्सवालमधील बडे उद्योगपती आणि राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांचे स्नेही सॅमी मार्क्स हेही याच गावचे. १८८६ मध्ये सोन्याचा शोध लागला आणि त्यातून उघड्या माळावर जोहान्सबर्ग उभे राहिले. शहर दिवसागणिक वाढत होते, त्यामुळे वास्तुविशारदाला कामाची वाण नव्हती. काही वर्षांतच कॅलनबॅक यांच्याजवळ पैसा आला आणि पैशाबरोबर येणारे शौकही. ते अविवाहित होते. घरभाडे सोडून एकट्यावर महिना बाराशे रुपयांच्या आसपास खर्च करीत, अशी नोंद गांधीजींनीच केली आहे. त्या काळचे बाराशे रुपये, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गांधीजींची व त्यांची ओळख खान नावाच्या एका स्नेह्याने करून दिली. या धनिक वास्तुविशारदाच्या मनात कुठेतरी वैराग्याचा झरा आहे, असे खान यांना वाटत होते. पहिल्याच भेटीत कॅलनबॅक यांनी गौतम बुद्धाच्या गृहत्यागाविषयी प्रश्न विचारले. गांधीजींना प्रश्नांचे कौतुक वाटले, पण त्यांच्या चैनीच्या राहणीने ते चकितही झाले. पुढे परिचय दाट झाला तसा कॅलनबॅक यांनी एकेक खर्च कमी करीत नेला आणि बाराशेचे एकशे वीस रुपये केले. मांसाहार सोडला. ब्रह्मचर्य स्वीकारले. नोकरांकडून होणारी कामे स्वतः करू लागले. हे सारे त्यांनी एका पत्रातून जर्मनीतल्या भावाला कळवले आहे. आपला धाकटा भाऊ कोणा हिंदी वकिलाच्या नादाने मांस सोडून फरशी पुसतो आहे, हे वाचून त्या कुटुंबाला काय वाटले असेल, याची कल्पना आपणही करू शकतो.

१९०८ मध्ये गांधीजी कॅलनबॅक यांच्या घरी राहायला गेले. ऑर्चर्ड्स या जोहान्सबर्गच्या उपनगरातले हे घर कॅलनबॅक यांनी आदल्याच वर्षी बांधले होते. आफ्रिकी झोपड्यांच्या धर्तीवर गोल आकार आणि वर गवती छप्पर अशी त्याची रचना होती. फ्रान्समधील एका पर्यटन कंपनीने ते विकत घेतले आणि २०११ मध्ये ‘सत्याग्रह हाउस’ या नावाने तिथे अतिथिगृह व संग्रहालय सुरू केले. त्या घरात दोघांचा संसार कसा चालत असे, हे गांधीजींनी नंतर लिहिलेल्या पत्रांवरून कळते. थट्टेने कॅलनबॅक स्वतःला ‘कनिष्ठ सभागृह’ म्हणवीत आणि गांधीजी झाले ‘वरिष्ठ सभागृह’. खर्चाचा अर्थसंकल्प कनिष्ठ सभागृहाने मांडायचा आणि वरिष्ठाने त्यातले निम्मे उडवायचे. १९११ मध्ये कॅलनबॅक घरच्यांना भेटण्यासाठी युरोपला निघाले, तेव्हा दोघांत लेखी करारच झाला. प्रवास साध्या शेतकऱ्याला शोभेल इतक्याच खर्चात करायचा, त्या काळात विवाहाच्या बंधनात पडायचे नाही, कोणा स्त्रीकडे अभिलाषेने पाहायचे नाही, अशी त्यातली कलमे.

हाच पत्रव्यवहार शंभर वर्षांनी वादाचा विषय झाला. २०११ मध्ये अमेरिकी पत्रकार जोसेफ लेलीवेल्ड यांचे गांधीचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील या मैत्रीच्या वर्णनावरून काही परदेशी वृत्तपत्रांनी भडक मथळे दिले आणि पुस्तक भारतात येण्यापूर्वीच गुजरात सरकारने त्यावर बंदी घातली. लेखकाने मथळ्यांतील अर्थ नाकारला होता. पत्रांची भाषा प्रेमाची आहे, यात शंका नाही. पण ही पत्रे म्हणजे अर्धाच संवाद आहे. कॅलनबॅक यांनी गांधीजींना त्या वर्षांत लिहिलेली पत्रे गांधीजींनी ठेवली नाहीत, कॅलनबॅक यांनी मात्र आलेले प्रत्येक पत्र जपले. अर्ध्या संवादावरून निवाडे देण्याची घाई दोन्ही बाजूंनी झाली. त्यातून एक चांगली गोष्ट घडली. कॅलनबॅक यांच्या वारसांकडचा हा संग्रह २०१२ मध्ये लंडनमध्ये लिलावाला निघाला, तेव्हा भारत सरकारने तो लिलावापूर्वीच सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

कॅलनबॅक यांचे खरे मोठेपण दिसते ते १९१० पासून. ट्रान्सवालमधला सत्याग्रह चौथ्या वर्षात होता. लोक पुन्हा पुन्हा तुरुंगात जात होते आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना दरमहा पैसे देण्याची ताकद लढ्यात उरली नव्हती. ही सारी कुटुंबे एका ठिकाणी राहतील, कष्ट करून पोट भरतील अशी जागा हवी होती. नाताळमधील फिनिक्स आश्रम तीनशे मैलांवर होता. कॅलनबॅक यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनजवळ अकराशे एकर जमीन घेतली आणि लढा चालेल तोवर सत्याग्रहींनी ती विनाभाडे वापरावी, असे ३० मे १९१० रोजी गांधीजींना कळवले. जमिनीवर हजारभर फळझाडे होती, दोन विहिरी होत्या, एक झरा होता. टॉलस्टॉय फार्म हे नाव कॅलनबॅक यांनीच दिले. त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी टॉलस्टॉय यांना पत्र लिहिले. सप्टेंबरात टॉलस्टॉय यांनी गांधीजींना आपले शेवटचे दीर्घ पत्र लिहिले आणि नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले.

फार्मवर नोकर ठेवायचा नाही, हा नियम होता. घरे पत्र्याची, तीही रहिवाशांनीच उभारली. शहरात बंगले बांधणारा वास्तुविशारद इथे मजुरांच्या बरोबरीने राबला. सुतारकाम त्यांना येत होते, ते त्यांनी मुलांना शिकवले. बागेची जबाबदारी त्यांची. गुजराती, तमिळ, उत्तर हिंदुस्थानी, हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा मिश्र वस्तीची शाळा गांधीजी आणि ते मिळून चालवीत. चपला करायच्या ठरल्या, तेव्हा कॅलनबॅक मेरियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन ती विद्या शिकून आले आणि त्यांनी ती गांधीजींना व इतरांना शिकवली. गांधीजींनी जनरल स्मट्स यांना दिलेला चपलांचा जोड आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. ते कसब त्यांच्याकडे आले ते या मठातून, कॅलनबॅक यांच्यामार्फत.

कामासाठी शहरात जाणाऱ्याने तिसऱ्या वर्गाने जावे, स्वतःच्या हौसेसाठी जाणाऱ्याने चालत जावे, असाही एक नियम होता. पहाटे दोनला निघून लोक एकवीस मैल चालत जोहान्सबर्गला जात. सर्वांत जलद चाललेल्याने हे अंतर चार तास अठरा मिनिटांत कापले होते. १९१२ मध्ये दुधाच्या दोषांची चर्चा चालली असता, मग ते सोडून का देत नाही, असे कॅलनबॅक यांनीच सुचवले आणि दोघांनी तिथल्या तिथे दूध सोडले. गांधीजींच्या आयुष्यभराच्या या व्रताचा उगम असा आहे.

सापांची गोष्ट तर फारच बोलकी आहे. माळावर साप पुष्कळ निघत. कॅलनबॅक यांनी सापांवरची पुस्तके मिळवली, विषारी-बिनविषारी कसे ओळखावे हे सर्वांना शिकवले. एक भलामोठा नाग सापडला, तो पिंजऱ्यात ठेवून ते त्याला स्वतःच्या हाताने खाऊ घालू लागले. यात स्नेह आहे की भीती, ही शंका गांधीजींना होती. काही दिवसांनी पिंजरा रिकामा आढळला. मात्र पुढे खुद्द कॅलनबॅक यांच्याच खोलीत एक साप अशा अडचणीच्या जागी बसला की त्याला हाकलता येईना. तेव्हा तो मारण्याची परवानगी गांधीजींनी दिली. हे सारे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ हे ते पुस्तक, ज्याच्या लेखनाला १९२३ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या येरवडा तुरुंगात सुरुवात झाली.

ऑक्टोबर १९१२ मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. जोहान्सबर्गच्या स्टेशनवर त्यांच्या स्वागतासाठी जी कमान उभारली, तिचा आराखडा कॅलनबॅक यांचा होता. गोखल्यांचा मुक्कामही शहराबाहेर टेकडीवर असलेल्या कॅलनबॅक यांच्याच घरी होता. साधे, पण कलात्मक असे ते घर आणि तिथली शांतता गोखल्यांना मनापासून आवडली. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांसमोर कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न निघाला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. गांधीजींनी मराठीचा आग्रह धरला आणि भाषांतर स्वतः केले. त्यानंतर झांझिबारपर्यंत हिंदी श्रोत्यांसमोर गोखले मराठीतच बोलले. म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका पुणेकराचे मराठी एका गुजराती माणसाने सांगावे आणि लिथुआनियात वाढलेल्या एका जर्मन ज्यूने ते सारे पाहावे, असा योग जुळून आला होता. कारण परतीच्या प्रवासात गोखल्यांना झांझिबारपर्यंत पोहोचवायला गांधीजींसोबत कॅलनबॅकही गेले होते.

टॉलस्टॉय फार्मवर मात्र गोखल्यांचे हाल झाले. स्टेशनपासून दीड मैल चालावे लागले, वाटेत पावसाने गाठले, त्यांना सर्दी झाली. फार्मवर एकही खाट नव्हती. गोखल्यांनी आपल्यासाठी वेगळी सोय करू दिली नाही, पायही चेपू दिले नाहीत. हालअपेष्टा सोसायला काय तुम्हीच जन्माला आलात आणि आम्ही काय लाड करून घ्यायला, या अर्थाचे ते रागावून बोलले. गांधीजींच्या मनात हा प्रसंग कायमचा राहिला.

लढ्याचा शेवटचा टप्पा आला १९१३ मध्ये. नाताळमधील कोळसा खाणींतले हिंदी मजूर संपावर गेले आणि ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले ट्रान्सवालची हद्द ओलांडायला पायी निघाली. त्याआधी चार्ल्सटाउनच्या लहानशा गावात या सर्वांच्या राहण्याची व स्वच्छतेची व्यवस्था पाहणाऱ्यांत कॅलनबॅक होते. हद्दीपलीकडे फोक्सरुस्ट येथे गोऱ्यांची सभा भरली. हिंदी लोक आत आले तर गोळ्या घालू, अशी भाषा तिथे झाली. कॅलनबॅक एकटे त्या सभेत गेले आणि बोलायला उभे राहिले. एकाने त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. आपण शांतीचा धर्म स्वीकारला असल्यामुळे आव्हान घेता येत नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांनी हा देह पाहिला होता त्यांना हे भित्रेपणाचे उत्तर वाटणे शक्य नव्हते.

पुढे गांधीजी, पोलाक आणि कॅलनबॅक या तिघांनाही अटक झाली. फोक्सरुस्टच्या न्यायालयात पुराव्याची पंचाईत झाली, तेव्हा या मित्रांनी एकमेकांविरुद्ध साक्षी दिल्या. तिघांनाही तीन तीन महिन्यांची शिक्षा झाली. काही दिवस ते एकाच तुरुंगात होते. सरकारला ते रुचले नाही. गांधीजींची रवानगी ब्लूमफाँटेनला, कॅलनबॅक यांची प्रिटोरियाला, पोलाक यांची जर्मिस्टनला झाली. १८ डिसेंबरला सुटका झाली. ट्रान्सवालमधला एक प्रतिष्ठित गोरा व्यावसायिक हिंदी मजुरांसाठी तुरुंगात गेला होता. त्या काळी त्या देशात याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगायला नको.

१८ जुलै १९१४ रोजी गांधीजींनी दक्षिण आफ्रिका सोडली. कस्तुरबा आणि कॅलनबॅक बरोबर होते. इंग्लंडमार्गे भारतात जायचे, आश्रमात शेती करायची, विणकाम करायचे असा कॅलनबॅक यांचा बेत होता. बोटीवर तिघेही तिसऱ्या वर्गात. कॅलनबॅक यांच्याजवळ किमती दुर्बिणी होत्या. त्यांच्यावर त्यांचा जीव होता. हा मोह आपल्या आदर्शात बसतो का, यावर रोज वाद होई. अखेर गांधीजींनी त्यातली सात पौंडांची दुर्बीण मालकाच्या संमतीने समुद्रात फेकून दिली. एरवी ही त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते. पाण्याकाठी वाढलेल्या, दूरचे पाहण्याची हौस असलेल्या माणसाची ती वस्तू होती, एवढे मात्र मनात येतेच.

४ ऑगस्टला इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि ६ ऑगस्टला ही मंडळी लंडनला पोहोचली. दोन दिवसांनी सगळे फिरले. कॅलनबॅक जर्मन नागरिक होते. त्यांना भारतात जाण्याची परवानगी मिळावी म्हणून गांधीजींनी खूप खटपट केली, पण व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी नकार दिला. डिसेंबरात गांधीजी निघाले आणि ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईला उतरले. कॅलनबॅक त्यांच्याबरोबर नव्हते. १९१५ मध्ये त्यांना ‘आइल ऑफ मॅन’ बेटावरील छावणीत शत्रुपक्षीय नागरिक म्हणून डांबण्यात आले. १९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते जर्मनीला गेले आणि १९२० मध्ये पुन्हा जोहान्सबर्गला. सीमेच्या एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूचे नागरिकत्व मिळाल्याने एका माणसाचा आश्रम हुकला.

पुढची सतरा वर्षे ते पुन्हा वास्तुविशारद होते. केनेडी व फर्नर या भागीदारांसह त्यांची संस्था जोहान्सबर्गमधील नावाजलेल्या संस्थांपैकी एक झाली. लिंक्सफील्ड भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. या काळात पैसा आला, प्रतिष्ठा आली. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, आणि बहुधा त्यांनाही तसेच वाटत असावे.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि कॅलनबॅक यांना आपण ज्यू असल्याची जाणीव नव्याने झाली. ते झिओनिस्ट चळवळीकडे ओढले गेले. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या नेत्यांनाही गांधीजींचा हा जुना मित्र महत्त्वाचा वाटला. मोशे शेर्टोक यांच्या विनंतीवरून १९३७ च्या मे महिन्यात ते भारतात आले. गांधीजी तेव्हा वलसाडजवळच्या तिथल येथे समुद्रकाठी विश्रांतीसाठी होते. तेवीस वर्षांनी दोघे भेटले. तिथून ते वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले आणि १९१४ मध्ये ठरलेला आश्रमवास काही आठवड्यांपुरता का होईना, त्यांना विदर्भात घडला. जुलैमध्ये गांधीजींनी पॅलेस्टाइन प्रश्नावर एक निवेदन त्यांच्यापाशी दिले. ज्यूंच्या भावनेविषयी त्यात सहानुभूती होती, पण ब्रिटिश संगिनींच्या आधाराने नव्हे तर अरबांच्या सद्भावनेने हा प्रश्न सुटावा, असे त्यात म्हटले होते. कॅलनबॅक यांनी ते वाइझमन यांच्याकडे पोहोचवले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. मार्टिन बूबर यांनी त्याला विस्तृत, व्यथित उत्तर दिले. त्या सुमारास, १९३९ च्या आरंभी, कॅलनबॅक पुन्हा सेगावात होते. ते मलेरियाने आजारी पडले, गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली. फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी आपल्याकडे राहत असलेल्या एका ज्यू मित्राचा उल्लेख केला. या मित्राचा अहिंसेवर बुद्धीने विश्वास आहे, परंतु हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही, असे त्यांनी लिहिले. नाव दिलेले नाही. गांधीजींच्या सहवासात मांस, दूध, दुर्बीण, पैसा सोडणाऱ्या माणसाने या एका गोष्टीला नकार दिला होता. गांधीजींनी तो नकार जाहीरपणे नोंदवला आणि मैत्रीत खंड पडला नाही. दोघांच्याही चरित्रातील हा क्षण फारसा चर्चिला जात नाही, पण अहिंसेच्या मर्यादेविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न इथे दोन मित्रांमध्ये एकाच अंगणात उभा होता.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने मेमेलचा प्रदेश लिथुआनियाकडून हिसकावून घेतला. रुस्ने त्याच प्रदेशात येते. पहिल्या महायुद्धानंतर हा टापू जर्मनीपासून तोडला गेला होता आणि १९२३ पासून लिथुआनियाकडे होता. तिथले ज्यू पळून उर्वरित लिथुआनियात गेले. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन सैन्य तिथेही आले. नाउमिएस्तिसचा शतकानुशतकांचा ज्यू समाज त्या वर्षात नष्ट करण्यात आला. युद्ध संपले तेव्हा लिथुआनियातील नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू मारले गेले होते. रुस्नेचे बहुतेक जर्मन भाषक रहिवासीही १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ येताच निघून गेले. गावात मागाहून आलेली माणसे वेगळी होती, त्यांना कॅलनबॅक हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. सत्तर वर्षांनी तिथे शिल्प उभे राहिले, ते ही तुटलेली ओळख पुन्हा जोडण्यासाठी. नाउमिएस्तिसच्या जुन्या सिनेगॉगची इमारत अजून उभी आहे, प्रार्थनेला येणारे मात्र कोणी उरलेले नाही.

कॅलनबॅक यांचे निधन २५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्ग येथे झाले. युद्ध संपायला सहा आठवडे बाकी होते. भारत स्वतंत्र झालेला किंवा इस्रायल स्थापन झालेले त्यांनी पाहिले नाही. दोन्हींसाठी त्यांनी आपल्या परीने दिले होते. मृत्युपत्रात मालमत्तेचा एक हिस्सा दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांसाठी ठेवला होता. उरलेली बहुतेक संपत्ती आणि मोठा ग्रंथसंग्रह झिओनिस्ट कार्याकडे गेला. त्यांच्या देहाचे दहन झाले आणि अस्थी गॅलिली सरोवराच्या काठी असलेल्या देगानिया या वसाहतीत पुरण्यात आल्या. सर्वांनी कष्ट करायचे आणि मिळेल ते सर्वांचे, या तत्त्वावर चालणारी ती पहिली किबुत्झ. तिची स्थापना १९१० ची, म्हणजे ज्या वर्षी कॅलनबॅक यांनी लॉलीजवळची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या हवाली केली, त्याच वर्षाची.